माझं घर धुतलं त्यांनी

"अजी, आत नका येऊ. आत्ताच शुद्ध झालं. तुमी पाय ठेवला त मंग पुन्हा करा लागन."

हे मी माझ्याच घराच्या दारात ऐकलं. सकाळचे नऊ वाजले होते. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन, नऊ वाजताच कानशिलं तापवत होतं. माझा एक पाय उंबरठ्याच्या आत गेला होता. तो मी मागे घेतला. कोणी ढकललं नाही, कोणी हात धरला नाही. मीच घेतला.

बोलणारी बाई म्हणजे सुधाकरची थोरली बहीण. तिच्या हातात पितळेचा गडू होता आणि गडूत गोमूत्र. आंब्याच्या पानानं ती दारात, भिंतीवर, खिडकीच्या गजांवर शिंपडत होती. तिच्या मागे सुधाकर उभा होता, नव्या धोतरात, उघड्या अंगानं. त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या नारळाची शेंडी सोलायला लागला.

मी कांताचा पंप घ्यायला आलो होतो. कांता माझी बायको. तिला दमा आहे. तो श्वासाचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवर राहून गेला होता आणि पहाटेपासून तिची छाती वाजत होती. मी दारातूनच म्हटलं, "फळीवर पंप हाये, तेवढा द्या."

बहीण म्हणाली, "तिथचं सगळं बाहेर काढलं. त्या घमेल्यात पाहा."

घमेलं अंगणात होतं. त्यात विटांचे तुकडे, सिमेंट आणि काळ्या कडप्प्याच्या चिरफळ्या होत्या. तो कडप्पा मी ओळखला. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा होता तो. आतून अजून घणाचे आवाज येत होते. पंप चुऱ्यात अर्धा बुडालेला होता. मी तो फुंकून खिशात घातला.

आणि मी काय बोललो? मी म्हटलं, "बरं."

तेवढंच. तीस वर्षं जंगलखात्यात नोकरी केली, सागवान चोरणाऱ्यांसमोर रिकाम्या हातानं उभा राहिलो, वाघाच्या वाटेवर रात्री काढल्या, आणि माझ्या दारात माझ्या तोंडातून "बरं" निघालं.

फाटकातून बाहेर पडताना चपलेखाली ओलं लागलं. वर पाहिलं. गच्चीवरच्या टाकीचा खालचा कॉक पूर्ण सोडलेला होता. पाणी पाइपातून अंगणात, अंगणातून नालीत चाललं होतं. आमच्या भागात उन्हाळ्यात नळ तीन दिवसांआड येतो. ती टाकी मी आदल्या दिवशी काठोकाठ भरून ठेवली होती. त्यांच्यासाठी. नव्या घरात येणाऱ्याला कोरडी टाकी मिळू नये म्हणून. एक एक थेंब नालीत गेला. माझ्या नळाचं पाणी प्यायचं नव्हतं, अंघोळीला नको होतं, फरशी धुवायलासुद्धा नको होतं. पाणी महापालिकेचंच, पण माझ्या टाकीत बसलेलं.

संडासाचं भांडं मात्र त्यांनी फोडलं नाही. ते तसंच ठेवलं. तिथं काही बाटलं नसावं.

आता हे नीट सांगतो, कारण यातली चूक माझीही आहे.

घर मी नोकरीच्या मधल्या वर्षांत बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. घर पाहावं बांधून म्हणतात. घर विकून पाहावं असं कोणी म्हणत नाही. ते मी आता म्हणतो. विकायला काढलं ते कांताच्या दम्यापायी. खाणींतल्या कोळशाची धूळ आमच्या अंगणात अशी पडते की सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. डॉक्टर म्हणाले, हिला या हवेतून काढा. सिंदेवाहीला तिचा भाऊ आहे, तिकडे धानाची शेतं आहेत, हवा मोकळी आहे. तिथं दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलं. इथलं विकलं की ते घ्यायचं, असा सरळ हिशेब.

आधी दलाल लावला होता. त्यानं घर फिरून पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला, वाहवा केली. मग बैठकीत आला आणि समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून थांबला. म्हणाला, "भाऊ, घर एक नंबर हाये. पण पार्टी पाह्यले येईन तवा हा फोटो जरा आत ठेवजा. वस्ती अशी हाये ना इथची, लोक विचारते."

आणि मी काढला. माझ्या हातानं काढला, स्टुलावर चढून. कांता दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "घर इकून राह्यले का सोताले?" मी तिच्यावर खेकसलो. खरं बोलणाऱ्यावर माणूस खेकसतोच. तसबीर मी कपाटात ठेवली, कपड्यांच्या घडीखाली. पार्ट्या आल्या, पाहून गेल्या. फोटो नव्हता तरी त्यांनी आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं की खोल्या लहान वाटायला लागायच्या. एकानं विचारलं, "किचनमध्ये नॉनव्हेज बनते का?" दुसऱ्याला दार दक्षिणेला आहे असं वाटलं. दार पूर्वेला आहे.

तिसऱ्या पार्टीनंतर मी दलालाला हाकललं. म्हटलं, मी बांधलेलं घर मीच विकीन. मधला माणूस नको, आणि तो शिकवतो ती लाचारीही नको.

चार दिवसांनी सुधाकर आला. फाटकातूनच ओरडला, "काय भाऊ, घर इकून राह्यले आन् मले सांगतलं नाई?"

सुधाकर कोण, ते सांगायला पाहिजे. एटापल्लीकडच्या जंगलात आम्ही सहा वर्षं एका संरक्षण कॅम्पवर काढली. कुडाची खोली, पाच माणसं, एक पातेलं. मी स्वयंपाक करायचो, कारण माझ्या हाताला चव आहे आणि बाकीच्यांच्या हाताला नाही. सुधाकर माझ्या शेजारी बसून जेवायचा, भात कमी पडला तर माझ्या ताटातला उचलायचा. एकदा त्याला मलेरिया झाला. पाऊस असा की नाल्यांना पूर, रस्ता बंद. चार दिवस मी त्याला पेज पाजली. तो ग्लानीत होता, दात लागत होते, म्हणून चमचा ठेवून बोटांनी त्याच्या तोंडात घातली. बरा झाल्यावर म्हणाला होता, "भाऊ, माह्या मायच्यानं एवढं केलं नसतं." मी त्यावर विश्वास ठेवला. त्या गुरुवारपर्यंत ठेवला.

तर हा सुधाकर म्हणाला, "दलालाच्या घशात काऊन घालता? मी घेतो. आपल्या आपल्यात होऊन जाईन."

आपल्या आपल्यात. हा शब्द मला इतका गोड लागला की काय सांगू. घासाघीस झाली नाही. इसार दिला त्यानं, मी घेतला. कागद काही केला नाही. सुधाकरसोबत कागद कशाला? जंगलात मी त्याच्या भरवशावर झोपलो होतो.

नोंदणीची तारीख बुधवारची मिळाली होती. बुधवारी ऑफिसला गेलो तर सर्व्हर बंद. दिवसभर बसलो, मग सांगितलं, सोमवारी या. सुधाकरचा चेहरा पडला. म्हणाला, "भाऊ, धोंड्याचा महिना लागून राह्यला. गुरुवारचा मुहूर्त हाये, त्याच्यानंतर महिनाभर गृहप्रवेश करता येत नाई. माही बहीण त मानतच नाई. उद्या चाबी भेटन का? कागद सोमवारी होऊन जाईन."

आमच्यात मुहूर्त नाही. बाबासाहेबांनी आम्हाला ते सगळं सोडायला सांगितलं आणि माझ्या आजोबांनी छप्पन सालीच सोडलं. मी मुहूर्त मानत नाही, पण मानणाऱ्याचा मान ठेवतो. हीच माझी चूक. असली चूक आमचीच माणसं करतात. आपण मोठ्या मनाचे आहोत हे त्यांना दाखवायची आम्हाला भारी हौस. मी म्हटलं, "उद्या कशाले, आत्ताच घे. तुहं घर हाये." किल्ली त्याच्या हातात दिली. सामान तर आधीच टेम्पोनं सिंदेवाहीला कांताच्या भावाकडे गेलं होतं, आम्ही दोघं सोमवारपर्यंत कांताच्या बहिणीकडे राहणार होतो. किल्ली देऊन मी मागच्या दारानं परत घरी गेलो, नळाची वेळ होती, मोटर लावून टाकी भरली. मग मागचं दार ओढून निघालो.

पूजेला त्यानं बोलावलं नाही. म्हणाला, "घरचेच हायेत, संध्याकाळी परसाद आणून देतो." मला वाटलं, किती काळजी करतो.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते. ह्यानं ओटा फोडला.

गुरुवारी पंप घेऊन कांताच्या बहिणीकडे परतलो. कांतानं पंप दोनदा ओढला, छाती मोकळी झाली, मग माझं तोंड पाहून विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ओटा सांगितला, गोमूत्र सांगितलं. ती ऐकत राहिली. टाकीचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "पूरी?"

"पूरी."

तिनं पंप पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "सही करून टाका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सही करा आन् चला इथून. मले श्वास घ्याचा हाये. त्याईनं ओटा फोडला त फोडू द्या. मी का तो ओटा डोक्यावर घेऊन जाऊन राह्यली?"

तिच्यावर राग करायचा मला अधिकार नव्हता. तसबीर काढताना तिनं अडवलं तेव्हा मी तिला गप्प केलं होतं. आता तिची ताकद संपल्यावर मला ताठा सुचत होता. मी म्हटलं, ठीक आहे. करतो सही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस मी फक्त आठवत होतो. जुन्या गोष्टी एकेक वर यायला लागल्या आणि त्या मला आधीही दिसल्या होत्या, हे त्यातलं वाईट. चंद्रपूरला बदली झाल्यावर सुधाकर माझ्या घरी कितीदा आला. दिवाळीला आला, पोरीच्या लग्नात आला. कधी त्याला उपास असायचा. कधी आत्ताच चहा घेऊन आलेला असायचा. कधी शुगर. लग्नात त्यानं आहेर दिला, फोटो काढला आणि बाटलीतलं विकतचं पाणी पिऊन गेला. पंगतीत बसला नाही. कांतानं एकदा म्हटलंही होतं, "तुमचा दोस्त आपल्या घरी कवाच काई खात नाई." मी म्हटलं होतं, "त्याची तब्येत तशी हाये." कॅम्पवर सहा वर्षं माझ्या हातचा रस्सा ओरपणाऱ्याची तब्येत!

जंगलात पाहणारं कोणी नव्हतं. एवढंच होतं ते. भूक होती आणि बहीण नव्हती. मी त्याला मैत्री समजलो. केसानं गळा कापला असं म्हणतात, पण केस त्याचा आणि मान माझी मीच पुढे केलेली. माझा राग त्याच्यावर होता आणि त्याहून जास्त माझ्यावर होता. मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. एक तरी माणूस तिकडचा आपला आहे, असं म्हणता यावं म्हणून मी वर्षानुवर्षं डोळे मिटून बसलो.

संध्याकाळचा प्रसाद त्यानं आणला नाही. बरं केलं. त्या तीन दिवसांत एकदा फोन मात्र आला. "भाऊ, ताईच्या बोलण्याचं मनावर नका घेऊ. माह्यं काई नाई, बायामाणसाईचं असते ना थे. सोमवारी अकराले या." बायामाणसांचं. ओट्यावर घण काय बायांनी घातला होता?

सोमवारी अकराला आम्ही पोचलो. नोंदणी ऑफिसच्या व्हरांड्यात सुधाकर, त्याची बायको, ओळख पटवायला आणलेले दोन ओळखदार आणि दस्त लिहिणारा बसले होते. सुधाकर उठून जवळ आला, "या भाऊ, या वहिनी," म्हणाला. कांताला त्याच्या बायकोनं खुर्ची दिली. सगळं असं गोड की गुरुवार झालाच नव्हता. दस्त लिहिणाऱ्यानं कागद पुढे केले. मी पानापानावर सही केली. प्रत्येक पानावर. मनात एकच घोकत होतो, सिंदेवाही, मोकळी हवा, कांता.

मग आत बोलावलं. लहान खोली, कूलरचा खडखडाट, टेबलावर तो डोळ्यासारखा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. साहेब तरुण होता. त्यानं आमच्याकडे न पाहता दस्त चाळला. त्याला दिवसातून चाळीस वेळा तेच विचारावं लागत असणार, त्याच सुरात विचारलं:

"दस्त वाचला का? मजकूर कबूल आहे? घर राजीखुशीनं विकून राहिले ना?"

बघा, इतक्या दिवसांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. दलालानं विचारलं नाही. सुधाकरनं विचारलं नाही. कांतानं नाही आणि मी स्वतःला तर नाहीच नाही. सरकारनं विचारलं, तेही रिवाज म्हणून.

मी म्हटलं, "नाई."

साहेबानं मान वर केली. "काय?"

"राजीखुशीनं नाई. मले इकायचं नाई याले."

सुधाकर हसला. त्याला वाटलं, म्हातारा गोंधळला. "भाऊ, काय बोलून राह्यले? साहेब, ऐकू कमी येते त्याईले."

"मले चांगलं ऐकू येते," मी म्हटलं. "गुरुवारी बी चांगलं ऐकू आलं होतं."

मग मी सांगितलं. साहेबासमोर, ओळखदारांसमोर, रांगेत मागे उभ्या असलेल्या लोकांसमोर. आवाज चढवला नाही. म्हटलं, "साहेब, घर अजून माह्या नावावर हाये. यानं त्याच्या आधीच थे गोमूत्रानं धुतलं. माह्या बायकोचा ओटा फोडला. मी भरलेली टाकी नालीत सोडली. मले माह्या दारात उभा ठेवला. मी बौद्ध हावो, म्हणून. आमचं बाटलेलं घर याले काऊन पाह्यजे?"

सुधाकरच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. सुधाकर लाल झाला. तो माझ्या कानाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी भाऊ? ओटा बांधून देतो. आपलं एवढ्या वर्साचं नातं..." मी साहेबाकडेच पाहत राहिलो तेव्हा त्याचा सूर बदलला. "का केस ठोकता आता? तुमच्या लोकाइले तेवढंच येते."

तुमच्या लोकांना. सहा वर्षं एका पातेल्यात जेवलेला माणूस. ते 'आपल्या आपल्यात' बघता बघता 'तुमच्या लोकां'पर्यंत आलं. खरं तर तिथंच होतं, फक्त आज तोंडावर आलं.

मी म्हटलं, "सुधाकर, मी तुले पेज पाजली होती, आठवते? मंग थे बी धुऊन टाक. गोमूत्र पे आन् पोट धू."

साहेबानं दस्त बाजूला ठेवला आणि म्हणाला, "कबुली नाही तर नोंदणी होत नाही. पुढचा." त्याच्यासाठी ते तेवढंच होतं.

व्हरांड्यात मी सुधाकरला त्याचा इसार परत दिला आणि किल्ली मागितली. त्यानं ती बाकावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. मी उचलली.

आता वाटेल, कांता मला म्हणाली असेल, शाब्बास. ती म्हणाली नाही. रिक्षात ती खोकत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "तुमी बरोबर केलं. पन आता मी कुठी श्वास घेऊ?" सिंदेवाहीचं ते घर दुसऱ्यानं घेतलं. मी कांताला तिच्या भावाकडे पोचवलं, तिथं ती एका खोलीत राहते. मी इथं एकटा, धुळीत. चुकलं का माझं, असं तिला फोनवर विचारायची मला हिंमत होत नाही. माझ्या ताठ्याची किंमत तिनं दिली, हे मी कोणापासून लपवत नाही. कोणी टाळ्या वाजवायला आलं तर त्यालाही सांगतो.

मी पोलिसांतही गेलो. अर्ज घेतला, पोच दिली. तारखा पडतील, मी जाईन. सुधाकरच्या बाजूचे दोघं येऊन समजावून गेले, म्हणाले, म्हातारपणी काऊन भानगडीत पडता. म्हातारपण हीच वेळ आहे. तरुणपणी नोकरी होती, बढती होती, पोरीचं लग्न होतं. तेव्हा मला बरं म्हणायची सवय लागली.

घर अजून विकायचं आहे. दलाल नाही. फोन मीच उचलतो. परवा एक आला, गडचिरोलीहून बोलत होता, आवाज गोड. खोल्या विचारल्या, पाण्याचं विचारलं, दिशा विचारली. मग हळूच आलाच मुद्द्यावर. "आपलं पूरं नाव काय जी?"

मी पूर्ण नाव सांगितलं. मग तो पुढचं विचारायच्या आधीच सांगितलं, "बौद्ध हावो. या घरात सत्तावीस वर्सं बौद्ध माणसं जगली, जेवली, न्हाली. धुऊन घ्याचं असन त येऊ नका. किंमत वाढवून दिली तरी देणार नाई."

तो म्हणाला, "तसं नाई जी, विचारून सांगतो," आणि फोन ठेवला. त्याचा पुन्हा फोन आला नाही. येणार नाही, हे मला माहीत आहे.

पुढच्यालाही हेच सांगणार. त्याच्या पुढच्यालाही. गिऱ्हाइकानं आडनाव विचारण्याआधी मी सांगणार, आणि त्याचं मन तपासणार, जसं ते आजवर माझं घर तपासत आले. वर्ष लागो, दोन लागोत. घर माझं आहे. ते कोणाला नाकारायचं, हे आता मी ठरवतो.